गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या उन्हाळाभर उभ्या ठेवायच्या आहेत, काय काळजी घ्यावी?

तापीकाठ_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगावजवळच्या एका कॉलेज कॅम्पसवरच्या गाड्यांसाठी विचारतो आहे. सहा सीटच्या तीन बॅटरी-कार्ट आहेत. दोन गाड्यांत ८ व्होल्टच्या सहा-सहा पाण्याच्या (शिसं-ऍसिडच्या) बॅटऱ्या आहेत, म्हणजे ४८ व्होल्ट, १७० एएच (ऍम्पियर-अवर). तिसरीत ५१.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेट पॅक आहे. आखाजी झाली की कॅम्पस रिकामा होतो, ते थेट जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे दहा-अकरा आठवडे गाड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या.

मागच्या वर्षी उभ्या ठेवलेल्या गाड्या जुलैत निम्मंच अंतर जायला लागल्या, म्हणून यंदा आधीच विचारतो.

१. चार्जर लावून ठेवायचा की काढायचा?
२. केबल सोडून ठेवायची का? कोणती?
३. पाणी चार्जिंगच्या आधी भरायचं की नंतर?
४. इथला इलेक्ट्रिशियन म्हणतो, बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा, जास्त टिकते. खरं आहे का?

नेटवर जी माहिती मिळते ती सगळी बर्फाच्या देशातली आहे. बॅटऱ्या काढून उबदार खोलीत ठेवा, गोठू देऊ नका वगैरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथे तिचा काय उपयोग!

---

बॅटरीवाला_भुसावळ

भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तिथूनच सुरू करतो. थंडीत उभी बॅटरी हळूहळू उतरते, उन्हात भराभर उतरते. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आपोआप उतरणं जवळजवळ दुप्पट होतं. थंड देशातला माणूस डिसेंबरात पूर्ण चार्ज करून गाडी मार्चपर्यंत विसरू शकतो. खान्देशात एप्रिलअखेर ठेवलेली गाडी जुलैपर्यंत विसरली तर तुमचं झालं तेच होतं.

आता थोडा हिशोब. दुपारी ४५ असलं तरी बॅटरी लगेच ४५ ला जात नाही. एकेक नग पावणेतीस किलोच्या आसपास असतो, त्यामुळे आतलं ऍसिड दिवस-रात्रीच्या सरासरीजवळ राहतं. शेडमध्ये मे महिन्यात ते ३५-३७ धरा. पाण्याची बॅटरी सावलीत, २५-२७ अंशांना, महिन्याला ५ ते १० टक्के उतरते. तुमच्याकडे १५ टक्के धरून चाला, जुनी असेल तर त्याहून जास्त. अकरा आठवड्यांत ३५-४० टक्के गेली. त्यात गाडीतली बारीकसारीक गळती मिळवा, म्हणजे जुलैत बॅटरी निम्म्याखाली सापडते. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि जितके दिवस जातील तितके कडक होतात. मऊ सल्फेट चार्जिंगने परत विरघळतं, कडक झालेलं नाही. मागच्या वर्षीचं निम्मं अंतर तिथेच गेलं.

म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर: शिशाच्या बॅटरीला अर्धं चार्जिंग म्हणजे विष. तिला पूर्ण भरूनच ठेवायचं. तुमच्या इलेक्ट्रिशियनने नियम ऐकलाय तो बरोबर आहे, पण तो लिथियमचा. लिथियम पॅक ५० ते ६० टक्क्यांवर ठेवायचा. १०० टक्के भरून उन्हात ठेवला तर त्याचं आयुष्य घटतं. एकाच शेडमध्ये दोन जाती उभ्या असतात तेव्हा हा घोळ हमखास होतो. गाडीच्या डॅशवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा: "शिसं – पूर्ण", "लिथियम – अर्धं".

आता काम कसं करायचं. पहाटे किंवा संध्याकाळी करा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. पाना दांड्यावर इन्सुलेशन टेपने गुंडाळून घ्या. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर वितळलेलं शिसं उडतं. ऍसिड डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

झाकणं घट्ट बंद असताना बॅटऱ्यांचा वरचा भाग धुवा. लिटरभर पाण्यात साधारण ६० ग्रॅम खाण्याचा सोडा, ब्रशने लावा, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसा. एक थेंबही सोडा सेलमध्ये जाता कामा नये, तो आतलं ऍसिड मारतो. ही धुलाई दिसण्यासाठी नाही. आपल्या धुळीत ऍसिडची वाफ मिसळली की दोन टर्मिनलमध्ये वीज वाहणारा थर तयार होतो. मल्टिमीटरची एक टोकणी निगेटिव्हवर आणि दुसरी बॅटरीच्या झाकणावर कोरड्या जागी टेकवून बघा. व्होल्ट दिसले तर तो थर बॅटरी पीत बसलाय.

मग झाकणं उघडून प्लेटा बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर फक्त प्लेटा बुडतील एवढंच पाणी घाला. बुडालेल्या असतील तर आता काहीच घालू नका. पूर्ण चार्ज करा. चार्ज झाल्यावर भरणीच्या नळीच्या खालच्या कडेपासून सुमारे ३ मिमी खाली येईल एवढं पाणी भरा. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ऍसिड फुगतं, बुडबुडे येतात आणि ते बाहेर सांडतं. सांडलेलं ऍसिड परत येत नाही. नंतर तुम्ही पाणी भरता, ग्रॅव्हिटी (ऍसिडची घनता) कायमची खाली येते आणि ट्रे सडतो तो वेगळाच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डी.एम. (क्षार काढलेलं) हवं. आपल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते घरच्या भांड्यांवरच्या पांढऱ्या थरावरून कळतंच. त्यातलं लोह आणि क्लोराइड बॅटरीत गेलं की ती उभ्या उभ्या जास्त उतरते. आर.ओ.चं पिण्याचं पाणीही नको, त्यातही क्षार उरतात. एसीचं टपकणारं पाणी काही जण वापरतात. त्यात कॉइलची धूळ आणि धातू येतात, तेही टाळा. आणि ऍसिड कधीही वरून घालायचं नाही, ग्रॅव्हिटी कितीही कमी दिसली तरी.

शेवटी टर्मिनल. पांढरा-हिरवा भुगा असेल तर लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) सोडून ब्रशने घासा, परत घट्ट करा (मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क द्या, बऱ्याच ८ व्होल्ट बॅटऱ्यांना तो ११-१२ न्यूटन-मीटरच असतो, जोर लावून पिळलं तर शिशाचा खांबच फिरतो) आणि घट्ट केल्यानंतर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. लगच्या आत व्हॅसलीन लावून वर बोल्ट आवळणं चूक आहे.

---

वायरमन_धुळे

वरचं सगळं बरोबर. मी पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

आधी गळती. चावी बंद असली तरी कंट्रोलर, बॅटरीचा काटा आणि ४८ चं १२ करणारा कन्व्हर्टर थोडा करंट ओढत राहतात. मल्टिमीटर डीसी ऍम्पियरवर घेऊन मेन निगेटिव्ह केबलच्या मध्ये लावा. चावी बंद हवी, लाइट-हॉर्न बंद हवेत आणि कुणी पेडल दाबायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. समजा ५० मिलिऍम्पियर आले. दिवसाला १.२ एएच, ६० दिवसांत ७२ एएच. १७० च्या बॅटरीचे चाळीसहून जास्त टक्के नुसत्या उभ्या उभ्या गेले!

म्हणून केबल सोडायचीच. क्रम असा: चावी बंद, सीटखालचा रन-टो स्विच (रन म्हणजे चालवायला, टो म्हणजे ओढून न्यायला) टो वर, मग पॅकची मेन निगेटिव्ह सोडा आणि तिच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा चढवा. लावताना स्विच टो वरच असू द्या, केबल घट्ट करा आणि मगच रन करा. रनवर असताना केबल टेकवली तर कंट्रोलरमधले कपॅसिटर एकदम भरतात आणि ठिणगी पडते. काही गाड्यांत चार्जिंग गाडीच्या कॉम्प्युटरमार्फतच होतं. तिथे केबल जोडल्याशिवाय चार्जर सुरूच होत नाही, बिघडला असं समजू नका.

बाहेरून पंखा, स्पीकर किंवा जादा लाइट लावलेत का ते बघा. ही वायर बहुतेक वेळा ४८ वरून न घेता मधल्या एक-दोन बॅटऱ्यांवरून काढलेली असते. मेन निगेटिव्ह सोडली तरी त्या बॅटऱ्या उतरतच राहतात आणि पूर्ण पॅकचा तोल जातो. ती वायर वेगळी सोडा, आणि पुढे कधी तरी कन्व्हर्टरवरून घ्या.

आता चार्जर. इथे चार्जर कोणता यावर सगळं अवलंबून आहे. फ्लोट (भरलेली बॅटरी कमी व्होल्टवर भरलेलीच ठेवणारा) किंवा स्टोरेज मोड असलेला आणि तापमान-सेन्सर असलेला चार्जर लावून ठेवायला हरकत नाही. फ्लोट साधारण २.२५ व्होल्ट प्रति सेल, म्हणजे २४ सेलना (सहा बॅटऱ्या, प्रत्येकी चार सेल) ५४ व्होल्ट, पण ते २५ अंशांना. दर अंशाला प्रति सेल सुमारे ५ मिलिव्होल्ट कमी व्हायला हवेत. ऍसिड ४० अंशांवर असेल तर १५ × ०.००५ × २४ = १.८, म्हणजे ५२.२ व्होल्ट. सेन्सर नसलेला चार्जर ५४ च ठोकत राहतो, पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि बघायला शेडमध्ये कुणी नसतं.

दुसरा धोका खास आपल्याकडचा. लाइट जाते-येते. बरेच साधे चार्जर वीज परत आली की "नवीन गाडी लागली" असं समजून पूर्ण चार्जिंग पहिल्यापासून सुरू करतात. दिवसातून तीनदा लाइट गेली तर भरलेल्या बॅटरीला तीनदा उकळी. हे आधीच तपासा: चार्जिंग संपून हिरवा दिवा लागल्यावर बोर्डावरचं बटण पाच मिनिटं बंद करून चालू करा. अँपमीटरचा काटा परत वर जाऊन तासभर उतरला नाही तर तो चार्जर कायम लावून ठेवण्याच्या लायकीचा नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे. चार्जर काढा, निगेटिव्ह सोडा आणि वॉचमनकडून दर ३-४ आठवड्यांनी माणूस समोर असताना एकदा पूर्ण चार्ज करून घ्या. अकरा आठवड्यांत तीन वेळा पुरे. मधे दर पंधरवड्याला मीटर लावून बघायचं. केबल सुटलेली असताना, चार्जिंगनंतर किमान १२ तासांनी:

५०.९ व्होल्ट – भरलेली
५०.० – सुमारे ८० टक्के
४९.५ – सुमारे ७० टक्के, आजच चार्ज करा
४८.४ – निम्मी, उशीर झालाय

"४८ ची बॅटरी ४८ दाखवते म्हणजे भरलेली" असं वॉचमनला वाटू शकतं. हा तक्ता शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा.

आणि हवा. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीवर पेट घेतो. हलका असल्यामुळे तो पत्र्याच्या आढ्याखाली साचतो. खालचं दार उघडं ठेवून भागत नाही, वरही जाळी किंवा फट हवी. सीट वर करून ठेवा. बिडी-काडी शेडच्या बाहेर.

---

सातपुडा_४८

छान माहिती. मधेच विचारतो, माफ करा. आमचं उलट आहे. तोरणमाळला पावसाळ्यात दोन कार्ट चार महिने बंद राहतात. ऊन नाही, पण ओल भयंकर आणि लाइट चार-चार दिवस नसते. तशाच ६ × ८ व्होल्ट. महिन्यातून एकदा चार्ज करायचं म्हटलं तरी नेमकी त्या दिवशी वीज असेल याची खात्री नाही. सोलर पॅनेलवर जमेल का?

---

सौर_नंदुरबार

जमेल, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लहान पॅनेलवर जमेल. तोरणमाळ हजार मीटरपेक्षा उंच, पावसाळ्यात थंड, त्यामुळे बॅटरी उतरण्याचा वेग जळगावपेक्षा कितीतरी कमी. तरी सावधपणे महिन्याला १० टक्के धरा: १७ एएच, दिवसाला ०.६ एएच, म्हणजे ३० वॉट-अवरच्या आसपास. एवढं तर ढगाळ दिवसाचा उजेडही देतो.

अडचण वॉटची नाही, व्होल्टची आहे. ४८ चा पॅक भरायला ५७-५८ व्होल्टच्या वर जायला हवं. छपरावरचं नेहमीचं ७२ सेलचं एक पॅनेल मोकळं (काही न जोडलेलं) असताना ४५ व्होल्टच्या आसपास देतं, एकट्याने ते पोचतच नाही. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडा आणि मधे ४८ व्होल्टवर सेट केलेला चार्ज कंट्रोलर लावा. त्याची इनपुट मर्यादा १०० व्होल्टपेक्षा बरीच वर असावी, कारण थंड हवेत पॅनेलचे व्होल्ट वाढतात. कंट्रोलरला बॅटरीचा प्रकार "फ्लडेड" (म्हणजे पाण्याची) सांगा. त्याचा तापमान-सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवा, भिंतीला नाही. पॅनेल थेट बॅटरीला जोडायचं नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला डीसी फ्यूज हवाच. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

एक टाळा: १२ व्होल्टचं छोटं पॅनेल घेऊन त्यातल्या एखाद्याच बॅटरीला लावणं. एक नग तुडुंब आणि बाकीचे पाच उपाशी राहतील.

ओलीसाठी: टर्मिनल घासून व्हॅसलीन, गाडीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका (आत घाम धरतो, शिवाय हायड्रोजन कोंडतो), कापडी कव्हर टाका. कंट्रोलरच्या डब्यात वायर खालून वर शिरू द्या, म्हणजे पाण्याचा थेंब वायरवरून आत न जाता खाली गळतो.

उंदरांचंही सांगते, कारण बॅटरी जपून वायरिंग गेलं तर उपयोग काय. पावसात उंदीर कोरडी जागा शोधतात आणि सीटखालचा खण त्यांना आयता मिळतो. केबल शिरतात त्या भोकांत स्टीलची घासणी कोंबा, पण टर्मिनलपासून लांब, ती धातूची असते. खणात गोणपाट, चिंध्या, कागद काहीही ठेवू नका.

---

तापीकाठ_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहिल्या गाडीचं काम केलं. धुतली, पूर्ण चार्ज केली, पाणी भरलं, १४ तासांनी मोजलं. पाच बॅटऱ्या ८.४७ ते ८.४९. चौथी ८.३७. फरक फक्त ०.१ चा आहे, चालवून घ्यावं का? हायड्रोमीटरने (ग्रॅव्हिटी मोजायची नळी) चौथीच्या चार सेलचं आलं: १.२५८, १.२५३, १.१७८, १.२५८. ऍसिडचं तापमान ४२ अंश. बाकी बॅटऱ्यांत सगळीकडे १.२६२ ते १.२६५.

---

बॅटरीवाला_भुसावळ

चालवून घेऊ नका भाऊ, ही बॅटरी तुमचा पूर्ण पॅक खाली ओढतेय.

आधी तापमानाची दुरुस्ती करा. ग्रॅव्हिटी २७ अंशांना धरतात. त्यावर दर ५ अंशांना सुमारे ०.००४ मिळवायचे. ४२ म्हणजे १५ अंश जास्त, म्हणून ०.०१२ मिळवा. मग चौथी झाली १.२७०, १.२६५, १.१९०, १.२७०. बाकीच्या १.२७४ ते १.२७७, म्हणजे एकदम तंदुरुस्त. ही दुरुस्ती न करता वाचलं असतं तर चांगल्या बॅटऱ्याही तुम्हाला अर्धवट भरलेल्या वाटल्या असत्या. आपल्या उन्हात ही चूक फार होते, आणि मग लोक भरलेल्या बॅटरीला चार्ज करत राहतात.

तिसरा सेल मात्र खरोखरच मागे आहे. मल्टिमीटर चार सेलची बेरीज दाखवतो, म्हणून एका सेलचा निम्म्याजवळ गेलेला चार्ज ०.१ व्होल्टमागे लपतो. हायड्रोमीटरशिवाय पाण्याची बॅटरी तपासणं म्हणजे चौघांचं मिळून वजन करून आजारी कोण ते ओळखणं.

आधी एक शंका दूर करा. पाणी भरल्याबरोबर ग्रॅव्हिटी घेतली का? नवीन पाणी वर तरंगतं आणि चार्जिंगशिवाय मिसळत नाही, त्यामुळे खोटं कमी रीडिंग येतं. तिसऱ्या सेलमध्ये जास्त पाणी लागलं असेल तर तासभर चार्ज करून परत मोजा. हायड्रोमीटर तीन-चार वेळा भरून सोडून मगच वाचा.

तरीही १.१९० च आलं तर इक्वलायझिंग चार्ज (मागे पडलेले सेल बरोबरीला आणायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज). चार्जरला तो मोड असेल तरच, आणि व्होल्ट बॅटरीच्या मॅन्युअलप्रमाणे. आधी सगळ्या सेलचं पाणी तपासा, झाकणं लावलेली ठेवा, शेड उघडी ठेवा आणि पहाटे चारला सुरू करा. इक्वलायझिंगमध्ये बॅटरी तापते, ऍसिड ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुपारी तुम्ही ४२ वरूनच सुरुवात करता. दर तासाला त्या सेलची ग्रॅव्हिटी लिहा. चढत असेल तर चालू ठेवा, लागोपाठ दोन रीडिंग सारखी आली की थांबा. लिथियमच्या गाडीला हे कधीही नाही, एजीएम किंवा जेलच्या (सीलबंद) बॅटरीलाही नाही.

सेल १.२५० च्या वर आला तर सुटलात. दोन-तीन फेऱ्यांनंतरही १.२०० च्या आसपासच अडकला, किंवा चार्जिंगच्या शेवटी बाकी सेल उकळताना तो एकटा शांत बसला, तर आत शॉर्ट आहे, बॅटरी बदला. बदलताना जुन्या पॅकमध्ये कोरी करकरीत घालू नका. पॅक वर्षभराच्या आतला असेल तर कोरी चालते, नाहीतर त्याच जातीची, त्याच वयाची, तपासलेली घ्या. जुन्या पाचांबरोबर नवी लवकर म्हातारी होते.

---

वायरमन_धुळे

लिथियमच्या गाडीचं राहूनच गेलं. डिस्प्लेवर ५०-६० टक्के येईपर्यंत चालवा. व्होल्ट बघून टक्के ठरवू नका. या जातीचे व्होल्ट मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतात, ४० आणि ६० टक्क्यांत मीटरला फारसा फरक दिसत नाही. पॅकला स्वतःचा बटण किंवा एमसीबी असेल तर तो बंद करा, कारण नुसतं बीएमएसही (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) थोडी वीज खातं. सहा आठवड्यांनी चालू करून बघा, ३० च्या खाली गेला असेल तर परत ५०-६० वर आणा. पॅक काढता येत असेल तर हाच तेवढा शेडमधून काढून तळमजल्यावरच्या थंड खोलीत नेण्यासारखा आहे, ४५ अंशांत महिनोन्महिने पडून राहणं त्याला सोसत नाही.

आणि तिन्ही गाड्यांच्या टायरमध्ये हवा मॅन्युअलप्रमाणे भरा, गोल्फ कार्टला साधारण १८ ते २२ पीएसआय असते. हँडब्रेक आवळून ठेवू नका, चाकांना विटा लावा. महिन्याच्या चार्जिंगच्या दिवशी हाताने गाडी अर्धा फेर पुढे ढकलली की टायर एकाच जागी बसत नाहीत.

---

सातपुडा_४८

हाऊ तक्ता खरा कामना शे भाऊ, आमच्याही दारावर लावतो. ताई, दोन पॅनेल सिरीज आणि कंट्रोलर घेतो. सेन्सर चिकटवायला साधी टेप चालेल का?

---

सौर_नंदुरबार

साधी टेप ओलीत सुटते. मधल्या बॅटरीच्या बाजूच्या भिंतीवर, ऍसिडच्या पातळीच्या खाली, आधी जागा कोरडी पुसून ऍल्युमिनियम फॉइलच्या टेपने लावा आणि वरून थर्मोकोलचा तुकडा ठेवा, म्हणजे तो हवेचं तापमान न वाचता बॅटरीचं वाचेल. फॉइल टेप टर्मिनलपर्यंत जाऊ देऊ नका.